गुंजवण्यातला पाहुणा

सत्तरच्या सुमारास मी गुंजवण्यात मास्तर होतो. राजगड बघायला एकटाच आलेला एक गोरा गावात चार दिवस राहिला. लावणीच्या चिखलात उतरून भाताचं एकेक रोप तो फुलझाडासारखं जपून लावायचा. बायका हसत, मग त्यालाच भाकरीला बसवत. मला चार वर्षांत कुणी बांधावरून हाक मारली नव्हती. मी जळायचो.

एक म्हातारी म्हणाली, "गुर्जी, ह्याचं लगीन झालंय का, इचारा की."

मी इंग्रजीत विचारलं. तो हसत म्हणाला, "मला पुरुषच आवडतात. घरी माझा जोडीदार वाट बघतोय."

मी म्हातारीला सांगितलं, "नाही झालं."

माझ्याबद्दल विचारलं, की खरं कारण गिळून मी हेच सांगायचो. त्याच्या त्या हसण्यावर मी अजून जळतो.