बाप जिवंत असताना काढलेली मिशी

अकरा हंगामांत मी चौसष्ट वेळा रंगमंचावर उभा राहिलो. त्यांपैकी एकोणसाठ वेळा बाई होतो, चार वेळा ऋषी, आणि एकदा, ऐनवेळी एक गडी तापाने पडला म्हणून, झाडामागचा वाघ. हे आकडे वहीवरून घेतले आहेत, आठवणीवरून नाहीत. नटाच्या आठवणीत आकडे फुगतात.

आज मी पंचेचाळिशी ओलांडलेला, तीन लेकरांचा बाप आहे आणि धानाच्या गिरणीत काट्यावर बसतो. मी कधी काळी राणी होतो हे माझ्या मुलींना पटत नाही. थोरली म्हणते, "बाबा, तुमच्या पायाकडं पाह्यलं तं नाई वाटत."

हे पन्नास ते साठ सालांच्या मधलं. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा. धान कापून झालं की गावोगाव बैलांचे पट भरत, दिवसा शर्यत आणि रात्री त्याच गावच्या धान निघालेल्या शेतात, म्हणजे बांधीत, नाटक. बांधीतली माती ओढून उंच चौथरा करायचा, समोर बसायला धानाची तणस पसरायची, दोन गॅसबत्त्या टांगायच्या. नाटक गावच्याच गड्यांनी करायचं, म्हणजे बायाही गडीच. बोलावणं आलं की तेच नाटक दुसऱ्या गावांच्या पटांनाही न्यायचं. नाटक बसवणाऱ्या पेटीमास्तरांची दोनच तत्त्वं होती. राजा उंच पाहिजे आणि राणीला मिशी नको.

पहिल्या वर्षी मला दासीचं काम मिळालं होतं. वाक्यं अकरा. मिशी होती, म्हणून अकराही वाक्यं तोंडावर पदर धरून म्हटली. सहाव्या वाक्याला मागून एक जण ओरडला, "दासीचा दात दुखून राह्यला, तिले लवंग द्या कोणी!" पुढची पाच वाक्यं कोणी ऐकली नाहीत.

दुसऱ्या वर्षी जुन्या राणीचं लग्न झालं आणि सासरच्यांनी त्याला लुगडं नेसायला बंदी केली. मास्तरांनी राणी मला दिली. वाक्यं दोनशे सहा, पदं नऊ, शेवटच्या अंकात राजाच्या प्रेतावर विलाप. एवढं सगळं पदराआडून होणं शक्य नव्हतं.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे बाप वारल्यावरच मुलगा मिशी काढतो. बाप जिवंत असताना काढली तर ती बापाच्या मरणाची जाहिरात. माझे बाबा सात एकरांचे शेतकरी, प्रकृतीने ठणठणीत. ते म्हणाले, "मी जिता आहो तवरिक ह्या घरातली मिशी निंगणार नाई."

आठ दिवस आईने त्यांना ताटावर बसले की समजावलं. नवव्या दिवशी ते कबूल झाले. अट एकच, मिशी पुन्हा वाढेपर्यंत नाटकाच्या गाडीशिवाय गावाची वेस ओलांडायची नाही. मी पायावर हात ठेवून शब्द दिला.

त्यानंतर न्हावी अडून बसला. म्हणाला, "बुढा जिता अन् मी वस्तरा लावू? उद्या काई झालं तं माह्यावर येईन." शेवटी बाबांनी माझ्या शेजारी पाट टाकून बसायचं ठरलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असं. मिशी निघेपर्यंत ते बसले. वाटेने कोणी गेलं की मोठ्याने खाकरायचे.

हा रविवार होता, आणि नाटक मंगळवारी. सोमवारी मास्तर म्हणाले, राणी विधवा होते तर तिला पांढरं लुगडं नको का? आणि माप ज्याच्या अंगाचं, त्यानेच जावं. बाजार चार मैलांवर. मी शब्द मोडला. जाऊन नऊ वार कोरं पांढरं कापड घेतलं, काखेत मारलं आणि डोक्याला पंचा गुंडाळून परत फिरलो. दूर मिरचीच्या ढिगाऱ्याजवळ माझ्या आत्याच्या गावचा एक माणूस उभा होता. त्याने माझ्या ओठाकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, हात जोडले आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, माणूस नम्र आहे.

नीट विचार केला असता तर त्यालाही कळलं असतं. मयताचं कापड आधी लागतं, वस्तरा नंतर. दोन्ही एकाच वेळी घेऊन कोणी बाजारात हिंडत नाही. पण असा क्रम लावत बसणारे गावात आम्ही एक-दोघेच.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. चौदा मैलांवर दिलेली. माझ्या बहिणीच्या लग्नात मानाचं लुगडं तिला दुसऱ्या नंबरावर मिळालं, तेव्हापासून तीन वर्षं बहीण-भावांत बोलणं नव्हतं. पण रडण्यात तिचा हात धरणारी बाई त्या पट्ट्यात नव्हती. मयत दुसऱ्याच्या घरचं असलं तरी तिला गाडी पाठवून नेत.

मंगळवारी दुपारी बाबा अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते, मी वाक्यं घोकत होतो. वेशीकडून गाडी आल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग रडणं.

"दादा रे माह्या... गाडी जुंपून मले न्याले आता कोण येईन रे... तुह्या बैलायच्या मानेवर कोणाचा हात फिरन रे..."

मी आवाज ओळखला आणि धावत निघालो. बाबांनी माझं मनगट पकडलं.

"थांब."

"बाबा, आत्या आहे. तिले वाटून राह्यलं का तुम्ही..."

"मले समजलं. थांब. म्हणू दे."

दोर बाजूला ठेवून ते ऐकत बसले. गाडी हळूहळू येत होती. "खडक फोडून इहीर खणली रे, अन् तिचं पाणी गावाले पाजलं रे... दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर कधी नांगर नाई घातला रे..." दारापर्यंत नऊ गुण झाले. बाबांनी नंतर आईला बारा सांगितले.

आत्या अंगणात शिरली. डोक्यावर टोपली, टोपलीत डाळ-तांदूळ, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. समोर दादा बसलेला. रडणं मध्येच थांबलं, तोंड उघडंच राहिलं.

"बस ना बाई," बाबा म्हणाले. "पानी देऊ?"

आत्याने टोपली खाली आदळली. "मेला नाई तं कोणाहाती निरोप तरी धाडाचा!"

"काय निरोप धाडू? मी जिता आहो म्हणून?"

"हो! चौदा मैल रडत आणलं मले! घसा बसला माहा!"

मग पोलिसांसारखी चौकशी झाली. कोणी सांगितलं, त्याने काय पाहिलं, कुठं पाहिलं. बाजार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोललो नाही. बोलून फायदाही नव्हता, पांढरं कापड दोरीवर वाळत होतं.

बाबा शांतपणे म्हणाले, "नाटक बंद. आज हा घरी बसन."

बाबा ओरडले असते तर आशा होती. शांतपणे बोलले म्हणजे संपलं. दोनशे सहा वाक्यं दोन महिने शेतात, वाटेवर, जेवताना घोकलेली. त्यातली एकशे अठ्ठ्याण्णव न अडखळता येत होती. पुन्हा कोणी मला राणी देणार नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

बातमी ऐकून मास्तर धावत आले, एका पायात चप्पल. बाहेरगावच्या गाड्या बांधीजवळ येऊन थांबायला लागल्या होत्या. ते बाबांच्या पाया पडायचे तेवढे राहिले. शेवटी म्हणाले, "भाऊ, असं करू. रडाचा प्रवेश मी काढूनच टाकतो. प्रेत नाई, विधवा नाई, अपशकुन नाई. तसंही ह्याले रडता येत नाई."

तोपर्यंत मला वाटत होतं की मला चांगलं रडता येतं.

आत्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "काऊन येत नाई? रडून दाखव रे."

मी दाखवलं. विलापाची वाक्यं चौदा. प्रत्येक वाक्यानंतर तीन हुंदके, म्हणजे एकूण बेचाळीस. हे मी स्वतः बसवलं होतं. आत्याने पाच वाक्यं ऐकली.

"हा रडून राह्यला का धान मोजून राह्यला?"

मास्तर खाली पाहू लागले.

"अन् मुडदा कुठी आहे? मुडद्याबिगर कोणी रडते का?" आत्याने अंगणभर नजर फिरवली. ती बाबांवर येऊन थांबली.

"मी नाई," बाबा म्हणाले.

"पड."

"बाई, हे काई खेळ नोहे."

"खोट्या मरणानं आयुष्य वाढते, हे तुले ठाऊक नाई? एक डाव मी रडली, आता हा रडन. दोन डाव मर, दुप्पट वाढन. पड लवकर, मले अजून जेवाचं आहे."

बाबांनी क्षणभर हिशेब केला. मी त्यांचाच मुलगा, मला तो चेहरा ओळखता येतो. मग त्यांनी पागोटं काढून आईकडे दिलं आणि अंगणाच्या मधोमध आडवे झाले.

आत्याने मला त्यांच्या डोक्याशी बसवलं. "पुस्तकातलं नको म्हणू. यानं काय काय केलं, ते सांग त्याले."

एवढ्या जवळून बाबांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. भुवईत पांढरे केस होते, मोजले नाहीत.

"पटाले कोणाच्या खांद्यावर बसून गेला होता रे?" आत्या म्हणाली.

"बाबाच्या."

"मंग मले काय सांगतो? त्याले सांग."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही मले खांद्यावर बसवून पटाले नेलं." बाबांची पापणी हलली. "धुळीनं खोकला लागला मले, तं तुमी आपली बैलजोडी धावाच्या आंधीच परत फिरले..." हुंदके किती आले ते माहीत नाही.

"मुडदा हालून राह्यला!" आत्याने बाबांच्या दंडावर चापट मारली.

"पाठीखाली खडा आहे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

थोड्या वेळाने ते उठले, पाठ झाडली, पागोटं घातलं, आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "जा. उशीर होईन. अन् रडाचं काढू नका मास्तर. हे दोन वेळचं मेलेलं वाया जाईन."

रात्रीच्या प्रयोगाचं लांबण लावत नाही. एकशे ब्याण्णव वाक्यांतली सात चुकलो. शेवटच्या अंकात राजा पडला, मी त्याच्या डोक्याशी बसलो आणि पुस्तकातलं एकही वाक्य आठवलं नाही. पडद्याआडून मास्तरांनी पहिलं वाक्य तीनदा सांगितलं. मी मात्र राजाला सांगत होतो की तू खडक फोडून विहीर खणलीस, कोणाच्या धुऱ्यावर नांगर घातला नाहीस, तुझ्या एका बैलजोडीच्या मानेवर आता कोण हात फिरवील. मेलेल्या राजाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. पण तणशीवर कोणी हसलं नाही. आधी बायांच्या बाजूने एक हुंदका आला, मग गड्यांच्या बाजूने नाकं ओढल्याचे आवाज. बाबा कुठे बसले होते ते मला दिसलं नाही, आत्या पहिल्या रांगेत होती आणि माझ्याबरोबर ओठ हलवत होती.

सकाळी मास्तर नाटकाची वही घेऊन घरी आले. मी तोंडावरचा सफेदा धूत होतो. मला वाटलं, राणी काढून घ्यायला आले. त्यांनी ओट्यावर बसून वहीतली चौदा वाक्यं एकामागून एक खोडली आणि दौत पुढे ओढली.

"सांग," ते म्हणाले. "रातच्याला काय काय म्हणाला, सारं सांग. पुढच्या गावाले हेच म्हणाचं."

मी एकेक सांगत गेलो, ते लिहीत गेले. बैलांच्या वाक्याला त्यांचा टाक थांबला.

"राजा होता ना तो? राजाले एकच जोडी?"

"एकच," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला आणि 'एकच' लिहिलं.