आतून जरा खोल

सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागून वर्ष होत आलं होतं. पण त्यांच्या मते दोष हाताचा नव्हताच, रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा होता. जुनी रबरी मूठ चिरली होती, हातात फिरायची. लाकडाची नवी मूठ घट्ट बसली की हात आपोआप स्थिर होईल, असं ते डॉक्टरांनाही ठणकावून सांगायचे. फौजेतला माणूस, वाद कोण घालणार? परवाना या वेळी नवा करायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. परवान्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जुन्या सोबत्यांसमोर शेवटचे सहा बार काढायचे आणि दुपारी हत्यार जमा करायचं.

आदल्या दिवशी बाबा आणि मी, आम्ही सासरे-सून, नवी मूठ बसवून घ्यायला मानक नगरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला निशातगंजला, बंदुकांच्या दुकानातल्या मिस्त्रीसमोर जाऊन बसलो. नवरा ऑफिसात होता. आजारात बाबांचा आवाजही बारीक झालेला, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला सांगली सोडून इकडे उत्तरेत सासरी येऊन दोनच वर्षं झालेली. माझं हिंदी म्हणजे मराठीच, शेवटी ‘है’ लावलेलं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

मुठीच्या दोन फळ्या असतात. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावरची बारीक खिळी फळीच्या आतल्या भोकात नीट बसली की फळी हलत नाही. आमच्या नव्या फळीचं भोक उथळ होतं, त्यामुळे फळी किंचित वर राहत होती. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, "आतून जरा खोल करायला सांग."

"भैया, ये छेद अंदर से ज़रा खोल करो," मी म्हणाले.

"अच्छा, खोल दें?"

"हाँ हाँ, खोल!"

त्यानं कानस घेतली आणि भोक चांगलं ऐसपैस मोकळं करून टाकलं. फळी बसली, पण खुळखुळायला लागली. त्याच्या हिंदीत खोल म्हणजे उघड, मोकळं कर. आपल्या खोलला तिथे ‘गहरा’ म्हणतात, हे मला तेव्हा आठवलं.

"बहनजी, आप ही ने तो कहा था," मिस्त्री म्हणाला.

माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. दुसरी जोडी यायला पंधरा दिवस लागणार होते.  बाबा थरथरता हात मांडीखाली दाबून बसून राहिले. ते बघवेना. मी मिस्त्रीच्या अक्षरशः विनवण्या केल्या. शेवटी त्यानं लाकडाचा भुसा डिंकात कालवून ते भोक बुजवलं, दुपारभर वाळू दिलं आणि संध्याकाळी नव्यानं पाडलं. या वेळी मी बोटावर माप दाखवलं आणि तोंड मिटून घेतलं.

सकाळी रेंजवर बाबांनी नेम धरला. पहिली गोळी मातीच्या ढिगाऱ्यात गेली. दुसरीही गेली. सहाच्या सहा गेल्या, समोरचा कागद कोराच राहिला. सोबती बुटांकडे बघत उभे होते. बाबांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं.

"सूनबाई, मूठ अजून ढिलीच आहे गं. बघ हलवून."

मी अंगठ्यानं फळी दाबली, पिरगाळली. ती तसूभरही हलली नाही.

"हो बाबा, हलतेय," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या हिंदीनंच घात केला."