नक्कीबाईंची गुलाबी चिठ्ठी

माणूस मेला की त्याचं हृदय बंद पडतं. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तरी आमच्या राज्यातले कितीतरी डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच खरडून मोकळे होतात. या तीन शब्दांशी माझी आत्या एकतीस वर्षं भांडली. त्या भांडणात मी कोणाच्या बाजूने होते ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. आकडेवारी कचेरीच्या मृत्यू-नोंद विभागात तिचं टेबल होतं, लिफ्टच्या मागे, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात. डोक्यावरचा पंखा ती बंद ठेवायची, कारण कागद उडतात. मे असो की जून, घामाने थबथबून बसेल पण पंखा लावणार नाही. अंगठ्याला रबरी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि समोर राज्यभरातून आलेल्या दाखल्यांचे गठ्ठे.

दाखल्यावर तीन ओळी असतात. पहिलीत शेवटच्या क्षणी काय झालं, दुसरीत ते कशामुळे झालं, तिसरीत मुळात रोग कोणता. बाजूला, किती महिने चाललं होतं त्याचा रकाना. आत्याने तिसरी ओळ वाचायची आणि त्या रोगाचा कोड टाकायचा, एवढंच तिचं काम. तिसरी ओळ कोरी असली की नियम सांगायचा, "अस्पष्ट कारण" हा कोड टाका आणि पुढे चला. पण आत्या पुढे जाईल तर ती आत्या कसली! तिच्याकडे गुलाबी कागदाचं एक पॅड होतं. त्यावर ती डॉक्टरला लिहायची, "हृदय सगळ्यांचंच थांबतं. हे नक्की कशाने थांबलं?" उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी दुसरी चिठ्ठी. मग फोन. एका डॉक्टरने वैतागून लिहिलं होतं, "बाई, तुम्हीच येऊन बघा." ही गेली! बसने गेली, केसपेपर काढायला लावला, तिसरी ओळ भरून घेतली आणि संध्याकाळच्या बसने परत आली. तेव्हापासून कचेरीत तिचं नाव पडलं नक्कीबाई.

मग नवे संचालक आले. त्यांना सगळं झटपट हवं होतं. चिठ्ठ्यांमुळे वार्षिक अहवालाला उशीर होतो, असं म्हणून त्यांनी एका परिपत्रकाने त्या बंद केल्या. गुलाबी पॅड कपाटात गेलं. चमत्कार असा की त्याच वर्षापासून आमच्या राज्यात कॅन्सरने माणसं मरायची कमी झाली. लाखामागे बावन्न होती, ती पाच वर्षांत एक्केचाळीसवर आली. त्याच काळात देशाचा आकडा अठ्ठावन्नवरून त्रेसष्टवर गेला. अहवालाच्या मुखपृष्ठावर दोन रेघा होत्या, देशाची चढणारी आणि आमची उतरणारी. संचालकांनी ते चित्र मोठं करून काचेत बसवलं आणि लिफ्टसमोर लावलं. येणारा-जाणारा त्यांची पाठ थोपटायचा, आणि त्याच भिंतीमागे नक्कीबाई बसून "अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट" असे कोड टाकत होती.

"रेघ ज्या वर्षी वाकली ते वर्ष बघा," ती मीटिंगमध्ये म्हणाली होती. "त्याच वर्षी चिठ्ठ्या बंद झाल्या. आजार नाही कमी झाला साहेब, विचारणं कमी झालं."

"बाई, तुम्हाला चांगली बातमी सहन होत नाही का?" संचालक म्हणाले. सगळे हसले.

या हसण्याची किंमत आमच्या भागाने मोजली. आमच्या पूर्वभागात सहा लाख माणसं राहतात आणि कॅन्सरला किरण द्यायचं एकही मशीन नाही. आमच्या सरकारी दवाखान्याने ते मागितलं होतं. देशपातळीवर अशी मशीन वाटणारी एक समिती आहे. तिचं उत्तर आलं, "सदर भागातील कॅन्सर मृत्यूचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी व घटते आहे, सबब मागणी अमान्य." खाली पुरावा म्हणून आत्याच्याच विभागाचा तक्ता जोडलेला होता.

ते पत्र आलं तेव्हा माझे बाबा मशीनसाठी नऊ तास जाणं आणि नऊ तास येणं करत होते.

बाबा शाळेची बस चालवायचे. अन्ननलिकेचा कॅन्सर. तीस वेळा किरण घ्यायचे होते. मोठ्या शहरात राहायला आमचं कोणी नाही, म्हणून आठवडाभर धर्मशाळेत पडायचे, शनिवारी घरी यायचे. अकरा झाल्यावर म्हणाले, "पुरे. या प्रवासानेच मी आधी मरेन." बाराव्याला गेले नाहीत. तीन महिन्यांत गेले.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं. तिला आधीच रक्तदाबाचा त्रास, ती कोसळेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. मी औषधाच्या दुकानात काम करते, तेव्हा सोंग वठवायला मला काय लागतं? बाबांच्या गोळ्या मी व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवायचे. आईला सांगितलं, अल्सर आहे. बाबा गेले तेव्हा आमचे डॉक्टर दाखला लिहायला बसले आणि मी त्यांचा हात धरला. "कॅन्सर लिहू नका, आई दाखला वाचेल. हृदय लिहा." त्यांनी लिहिलं. तिसरी ओळ कोरी.

तो दाखला फिरत फिरत आत्याच्या टेबलावर आला. तिच्या सख्ख्या भावाचा दाखला, आणि त्यावर तेच तीन शब्द! त्या दिवशी तिने आम्हाला काही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कपाटातून गुलाबी पॅड काढलं. तिच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. डब्याच्या सुट्टीत, परिपत्रक झुगारून, तिने पूर्वभागातल्या एका वर्षाच्या "हृदयक्रिया बंद" अशा प्रत्येक दाखल्यामागे चिठ्ठी लिहिली. अकराशे तीस चिठ्ठ्या, सगळ्या हाताने. संध्याकाळी तिच्याकडे पत्ते लिहायला मीही बसायचे आणि मनातून घाबरायचे. सातशे बेचाळीस उत्तरं आली. त्यातले दोनशे छत्तीस कॅन्सरचे निघाले, केसपेपरच्या नकलांसकट. पूर्वभागात आधी कॅन्सरचे मृत्यू दोनशे चौदा नोंदले होते, ते झाले साडेचारशे. लाखामागे पंच्याहत्तर. देशाचे त्रेसष्ट. आमची रेघ देशाच्या खाली नव्हतीच, ती डोक्यावरून गेली होती.

समितीची पुढची बैठक शुक्रवारी होती. सोमवारी आत्याने यादी संचालकांपुढे ठेवली. त्यांनी ती चाळली, मग संगणकात काहीतरी शोधलं आणि एक दाखला छापून तिच्यासमोर टाकला.

"हे तुमचे बंधू ना? यांचं काय? हृदय. तुमच्याच घरचा दाखला हृदयाचा, आणि तुम्ही दोनशे छत्तीस घरांवर शंका घेता? समितीत कोणी हे विचारलं तर मी काय सांगू?"

आमच्या डॉक्टरांनी आत्याच्या चिठ्ठीला उत्तर दिलं होतं, "कुटुंबाच्या विनंतीवरून तसे लिहिले. पत्नीच्या सहीशिवाय दुरुस्ती करणार नाही." त्यांना आपली कातडी वाचवायची होती. म्हणजे त्या एका कोऱ्या ओळीवर दोनशे छत्तीस माणसांची यादी अडली, आणि ती ओळ मी कोरी ठेवली होती.

गुरुवारी दुपारी आत्या आमच्याकडे आली. आई आत आडवी झाली होती. आत्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुरुस्तीचा अर्ज ठेवला, शेजारी गुलाबी चिठ्ठी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "नक्की कशाने?"

"आत्या, तू हे आईला दाखवणार नाहीस."

"उद्या बैठक आहे."

"असू दे! तुला तुझा आकडा प्यारा आहे. माझी आई मेली तर तिचाही कोड टाकशील!"

आत्याने आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. तेव्हाही उगारला नाही, पण टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा पेला आडवा झाला. "आकडा? तो आकडा माझा भाऊ आहे! संचालक खोटं लिहितो म्हणून मी एकतीस वर्षांची नोकरी पणाला लावली, आणि माझ्या घरात काय? त्याच्याहून वेगळं काय केलंस तू? त्यानेही चांगली बातमीच दिली लोकांना. तूही दिलीस."

मी ओरडणार होते. पण आई दारात उभी होती.

"पाणी पुसा आधी, अर्ज भिजेल," ती म्हणाली. खुर्ची ओढून बसली. "कुठे सही करू, वन्सं?"

मी पेला उचलला. "आई, तुला..."

"मला डोळे नाहीत असं वाटलं का गं तुला? व्हिटॅमिन खाऊन माणूस रोज ओकतो? आणि यांच्या छातीवर शाईच्या खुणा होत्या, किरण कुठे द्यायचे त्याच्या. दर शनिवारी मीच अंग पुसायचे, त्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून जपून. अल्सरला असल्या खुणा करतात का? तू एवढी हौसेने खोटं बोलत होतीस, म्हटलं बोलू दे."

आत्याने डोळे पुसले नाहीत. तिने चष्मा लावला आणि पेन काढलं. तिसऱ्या ओळीत रोगाचं नाव लिहिलं. मग बाजूच्या रकान्यात कालावधी लिहायला लागली. "नऊ महिने," मी म्हणाले.

"नऊ नाही," आई म्हणाली. "चौदा लिहा."

आत्याचं पेन थांबलं.

"शाळेत ड्रायव्हरांची तपासणी झाली होती ना, तेव्हाच डॉक्टरने यांना सांगितलं होतं. घास अडकत होता त्याच्याही आधीपासून. घरी येऊन मला एकटीला सांगितलं. म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस, ती नोकरी सोडून मला घेऊन पळेल. बदली ड्रायव्हर नाही, पोरांच्या परीक्षा होऊन जाऊ देत, मग जाऊ. जाऊन-येऊन अठरा तास, एवढी रजा कोण देणार? इथे मशीन असतं तर सकाळची फेरी टाकून जाऊन आलो असतो, असं म्हणाले होते. मी गप्प बसले. पाच महिने गप्प बसले."

मला आधी तिचाच राग आला. मग माझा आला. मग बाबांचा, त्या मेल्या माणसाचा. मग समितीचा, संचालकांचा, काचेतल्या उतरत्या रेघेचा. या घरात तिघांनी एकमेकांपासून तेच लपवलं आणि बाहेरच्यांनी त्यालाच प्रगती म्हटलं. आत्याने चौदा लिहिलं. आईने सही केली. मी तो अर्ज घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी शिक्का मारेपर्यंत त्यांच्या दारातून हलले नाही.

शुक्रवारी यादी समितीसमोर गेली. आत्या स्वतः घेऊन गेली, संचालक आजारी पडले होते. नक्की कशाने, ते आत्याने विचारलं नाही. महिन्याने पत्र आलं, "प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असल्याने मागणी मान्य." माणसं तीच होती आणि तेवढीच मेली होती. आधी ती कागदावर कॅन्सरने मेली नव्हती, एवढाच फरक. काचेतलं चित्र भिंतीवरून उतरलं. तिथे आता अग्निशमनाच्या सूचना लावल्या आहेत.

दवाखान्यामागे मशीनच्या खोलीसाठी खड्डा खणून वर्ष होत आलं. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंती तीन-चार हात जाड लागतात म्हणे, आणि त्या भिंतींचा अजून पत्ता नाही. आत्या निवृत्त झाली, पण दर सोमवारी जाऊन मुकादमाला विचारते, "नक्की कधी?" तो तिला लांबून बघितलं की वाळूच्या ढिगामागे जातो.

गेल्या सोमवारी आम्ही तिघी गेलो. आई पहिल्यांदाच आली होती. खड्ड्याच्या कडेला उभी राहून तिने बराच वेळ आत बघितलं. मुकादम या वेळी सापडला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "झालंच म्हणून समजा हो बाई. अजून फक्त पाच महिने."

"फक्त?" आई म्हणाली. "पाच महिने म्हणजे किती, ते मला विचारा."