सासऱ्यांनी दुरुस्त केलेलं मीटर

जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून त्या भरून देणाऱ्या त्या दुकानात सासऱ्यांची चूक म्हणून कधी नसायचीच. मोटर पुन्हा जळाली तर गिऱ्हाईक अडाणी, तार तुटली तर तार भिकार, आणि दोन्ही धड असलं तर सून होतीच हाताशी. तिला हे काम त्यांनीच शिकवलेलं, म्हणून ती ऐकून घेई. मनातल्या मनात मात्र रोज त्यांना घरी बसवून येई.

त्यांची बोटं थरथरायला लागल्यापासून घरात कुजबुज होती, की बाबांनी आता दुकान सोडावं. ती नेमकी त्यांच्या कानावर गेली. मग काय, बेकरीवाल्याच्या पीठ मळायच्या मशीनची मोटर त्यांनी हट्टाने एकट्याने भरायला घेतली. "ही चालली की सगळ्यांची तोंडं बंद."

मोटर भरून झाली. सुनेने तपासणीच्या मीटरचं एक टोक तारेला, दुसरं लोखंडी अंगाला लावलं, तर मीटर वाजलं. म्हणजे आत कुठेतरी तार लोखंडाला लागली होती. अशी मोटर चालू केली असती, तर हात लावणाऱ्याला शॉकच बसला असता.

"बाबा, बॉडीला लागतेय."

"मोटर ठीक आहे. तुझं मीटर कामातून गेलंय."

आणि ते सिद्ध करायला त्यांनी मीटरची दोन्ही टोकं सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. आधी बटण व्होल्टवर फिरवायचं असतं, हे पहिल्या दिवशी त्यांनीच तिला ओरडून ओरडून शिकवलेलं. आता स्वतःच विसरले. आत फट् झालं आणि जळका वास सुटला.

"बघ. म्हटलं नव्हतं, बिघडलंय म्हणून?"

सुनेने कपाळाला हात लावला. या माणसापुढे डोकं फोडावं तर फुटेल आपलंच. ती नवीन मीटर आणायला निघाली, तर तेही त्यांना चालेना. "मी दुरुस्त करतो यालाच. मग कळेल कोण चुकतंय."

त्यांनी मीटर उघडलं, स्क्रू सांडले, ते तिला टेबलाखाली शिरून शोधायला लावले. तिने टॉर्च धरला तर उजेड डोळ्यात येतो, बाजूला घेतला तर दिसत नाही. बेकरीवाल्याचे दोन फोन येऊन गेले. शेवटी काळा पडलेला रेझिस्टर सापडला. जुन्या रेडिओतून तसाच दुसरा काढून, मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरत त्यांनी तो सोल्डर केला. सून वैतागली होती खरी, पण काम नीट झालं होतं, हे तिला मान्य करावंच लागलं.

सासऱ्यांनी आधी शेजारची चांगली मोटर तपासली. मीटर गप्प. मग आपली तपासली. मीटर वाजलं. त्यांनी टोकं पुसली, पुन्हा लावली. पुन्हा वाजलं.

"अजून बिघाड असेल मीटरमध्ये," सून घाईघाईने म्हणाली. "नवीनच आणू आपण."

"मी दुरुस्त केलंय ते," सासरे म्हणाले. "आता चुकायचं नाही."

एरवी त्यांनी एक शब्द मान्य करावा म्हणून ती जिवाचं रान करी. आज त्यांनी भांडावं, तिलाच मूर्ख ठरवावं, असं तिला फार वाटलं. सासरे भांडले नाहीत. त्यांनी मोटर तिच्याकडे सरकवली.

"उकल ती," ते म्हणाले. "आणि या वेळी तूच भर."