पनीरचा कंटाळा आलेली नीतू

नदीपलीकडच्या कारधा गावच्या नीतूनं जन्मात पनीर खाल्लं नव्हतं. पण भंडाऱ्याच्या कॉलेजात पनीरचा सगळ्यात जास्त कंटाळा आला होता तो तिलाच.

त्याचं असं झालं. मधल्या सुट्टीत मुली एकमेकींच्या डब्यांत डोकावायच्या, आणि नीतूच्या डब्यात कधी रानात फुकट उगवणाऱ्या तरोट्याची भाजी, कधी वाळल्या झिंग्यांची चटणी. बाप मंगरू वैनगंगेत जाळं टाकणारा, आई बायाबाई बाजारात मासे घेऊन बसणारी. डब्यात दुसरं येणार कुठून? म्हणून नीतू डबा उघडायचीच नाही. कोणी विचारलं तर तोंड वाकडं करून सांगायची की घरी रोज रोज पनीरच असतं, पाहूनच भूक मरते. डब्याला वास येतो असं कोणी म्हटलं, तर तोही बिचाऱ्या पनीरच्याच माथी मारायची. परतताना वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे थांबून डबा घशाखाली लोटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पनीरला नावं ठेवायची.

हे सगळं खरं मानणारी एकच होती, डिंपल. तिच्या वडिलांची, भय्याजींची, राइस मिल. पण डिंपलला नागपूरच्या आहारवाल्या मॅडमनं पांढरा भात बंद करून हातसडीचा सांगितला होता. आपल्या भागाची ही गंमतच आहे. पोरी सगळ्या भातावरच वाढतात. घरात पैसा नसला की भात हातसडीचा, थोडा आला की पांढराशुभ्र, आणि फारच आला की पुन्हा हातसडीचा. नीतूचं घर पहिल्या पायरीवर, डिंपलचं तिसऱ्या. दोघींचा भात एकच होता, पण नीतूला ते कोण सांगणार?

आषाढात डिंपलचा वाढदिवस आला आणि नीतूला जेवणाचं बोलावणं आलं. पनीर आहे हे कळल्यावर तिचं अभ्यासातलं लक्ष उडालं. आयुष्यात एकदा तरी ते खायचं, मग त्याला नावं ठेवायलाही मोकळी, असा तिचा हिशेब. त्या दिवशी सकाळी तिनं पेजेला हात लावला नाही. बायाबाईला काळजी वाटली, पण पोरगी मोठ्या घरी जेवायला चाललीय म्हणून ती पाटी उचलून बाजारात गेली.

डिंपलच्या घरी मुलींची पंगत टेबलाभोवती बसली. डिंपलची आई, शकुंतलाबाई, स्वतः वाढत होत्या. पनीरचं पातेलं आलं. पहिल्या मुलीला वाढलं, दुसरीला वाढलं. नीतूनं ताट जरा पुढे सरकवलं. पातेलं तिच्या नाकासमोरून पलीकडे गेलं.

"तुले नाही वाढत, बाई," शकुंतलाबाई मायेनं म्हणाल्या. "डिंपल सांगत होती, तुमच्या घरी रोज पनीरच असते. तुयासाठी खास वेगळं, गावरान केलं."

आणि नीतूपुढे वेगळं ताट आलं. हातसडीचा भात, तरोट्याची भाजी, झिंग्यांची चटणी. बाकीच्या मुली हेव्यानं पाहू लागल्या. एकीनं तर मलाही थोडं द्या म्हणून हट्ट धरला. नीतूला तिचा गळा दाबावासा वाटला; आपलं अख्खं ताट तिला देऊन बदल्यात पनीरचा एक तुकडा मागावा, असंही वाटलं. पण रोज खाणारी तुकडा कशी मागणार? शकुंतलाबाई कौतुकानं सांगत होत्या की असे झिंगे सहजासहजी मिळत नाहीत, बाजारात एक बाई असते, आज तिच्याजवळचे सगळेच उचलून आणले.

दुसऱ्या घासाला नीतूच्या दातांत धागा अडकला. ओढून काढला तर पोपटी. बायाबाई उन्हाळ्यात झिंगे वाळवायची ती तिच्या जुन्या पोपटी लुगड्यावर. नीतू तो धागा बोटावर गुंडाळत बसली. तिला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही. तिखट लागलं का म्हणून सगळ्या विचारू लागल्या. तिनं मान हलवली आणि ताट चाटूनपुसून संपवलं, कारण भूक तर होतीच.

घरी आली तर मंगरू दारात हात धूत होता. बायाबाई चुलीपाशी, चेहरा फुललेला. कोण्या बाईनं पाटीतला सगळा माल एकदम घेतला म्हणे. मग बायाबाईच्या मनात आलं, पोरगी तिकडं पनीर खाणार, तर तिच्या बापानंही एकदा चाखून पाहावं. आणलं. पण करायचं कसं हे कोणाला ठाऊक? मासे करते तसंच केलं, चिंच घालून, अन् पाटीच्या तळाशी चिकटून राहिलेले चार झिंगेही टाकले.

"तू तं पोटभर खाऊन आली असशीन," बायाबाई म्हणाली. "तरी तुयासाठी ठेवलं."

वाटीत आंबट लाल रस्सा, त्यात पांढरे तुकडे. नीतूनं एक तोंडात घातला. झिंग्यांसारखा लागला. तिनं दुसरा घेतला, मग तिसरा. वाटी पुसून घेतली.

"त्यायच्या घरासारखं झालं का?" बायाबाईनं भीत भीत विचारलं.

नीतूनं बोटावरचा पोपटी धागा मुठीत दाबला. "त्यायच्यापेक्षा चांगलं झालं, माय," ती म्हणाली. "उद्या डब्यात दे."

"पनीर तं सरलं."

"मंग झिंगे दे," नीतू म्हणाली.