स्टॉलवर दोन माणसं लागतात

प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्यांना मी फुकट सल्ले देत असतो. खुर्चीवर बसू नका, बसलेल्या दुकानदारासमोर गिऱ्हाईक थांबत नाही. स्टॉलवर डबा उघडून जेवू नका. एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी आणि कात्री घरून न्या, तिथे या गोष्टी सोन्याच्या भावाने मिळतात. माल कमी मांडा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकटे जाऊ नका. एक माणूस बोलायला लागतो आणि एक बघायला. हा शेवटचा सल्ला ऐकून लोक मान हलवतात आणि माझ्याकडे बघतात, कारण गेली सहा वर्षं मी स्टॉलवर एकटाच असतो.

बोलणारा मी आणि बघणारा दादा, अशी आमची वाटणी होती. दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. भाईंदरला नवघरच्या बाजूला आम्ही दोघांनी मिळून स्टीलच्या डब्यांचा गाळा टाकला. खरेदी, गिऱ्हाइकं, कागदपत्रं माझ्याकडे आणि पॉलिश दादाकडे. दिवसभर तोंडाला फडकं बांधून तो फिरत्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, डबा दाबून धरायचा. संध्याकाळी फडकं सोडलं की तेवढंच तोंड गोरं दिसायचं, बाकी सगळा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा काळा. प्रदर्शनाच्या आधी दोन दिवस तो लिंबाच्या साली घेऊन नखं घासत बसायचा. वहिनी म्हणायच्या, ‘लग्नाच्या वेळी एवढं घासलं नव्हतं हो!’

सुरुवातीला ठाण्याला, मग वाशीला, अशी छोटी प्रदर्शनं आम्ही केली. मी समोर उभा राहून बडबड करायचो आणि दादा बाजूला गप्प उभा असायचा. मला वाटायचं तो लाजतोय. पहिल्या प्रदर्शनानंतर मी गठ्ठ्यातली व्हिजिटिंग कार्डं काढून बसलो, तेव्हा एकाचाही चेहरा आठवेना. कार्डं उलटी केली, तर प्रत्येकावर दादाच्या बारीक अक्षरात एकेक ओळ होती. ‘झाकण तीनदा लावून बघितलं. घेणार.’ ‘फक्त सावलीसाठी थांबला.’ ‘बायको बरोबर होती, तिला मसाल्याचा डबा आवडला, तिच्याशी बोल.’ एकावर लिहिलं होतं, ‘तू फार बोललास.’

त्या ओळी वाचून मी फोन करायचो आणि दहातले सात तरी त्याने लिहिल्याप्रमाणे निघायचे. प्रदर्शनाची खरी कमाई त्या तीन दिवसांत नसते, नंतरच्या पंधरा दिवसांतल्या फोनांत असते, हे मला दादाच्या अक्षराने शिकवलं. आता माझ्याकडे कार्डांचे गठ्ठे आहेत आणि त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. फार तर मी ‘फोन करणे’ असं लिहितो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या हाताकडे बघणं मला जमत नाही. मला दादाची आठवण येते ती दिवाळीला नाही, तेव्हा तो समोरच बसलेला असतो. त्याची आठवण येते ती अशी भर प्रदर्शनात.

आमचं बिनसलं ते गोरेगावच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात. आदल्या वर्षी मी ते नुसतं बघायला गेलो होतो आणि घाबरून परत आलो होतो. तिथले दिवे इतके प्रखर की मोठ्या कंपन्यांची भांडी आरशासारखी चमकत होती. आपल्या दादाचं हातपॉलिश त्या उजेडात लहरी लहरी दिसेल, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. वर्षभर हे माझ्या डोक्यात होतं आणि त्याला सांगायचं धाडस होत नव्हतं.

दादाने प्रदर्शनासाठी चाळीस नग स्वतः पॉलिश केले. एकेक नग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरला. आणि मी त्याच्या नकळत दुसरे चाळीस नग वसईला एका मशीनवाल्याकडून पॉलिश करून घेतले. पहिल्या दिवशी त्याला म्हटलं, ‘दादा, तू अकरापर्यंत आरामात ये. मांडायचं मी बघतो.’ मी वसईचे नग मांडले आणि दादाचं खोकं टेबलाखाली सरकवलं, वरून टेबलक्लॉथ सोडला. नमुना हा दाखवण्यापुरता असतो, असं मी स्वतःला बजावलं. दादाचं म्हणणं नेमकं उलटं होतं. जो माल देणार तोच दाखवायचा, नाहीतर ते डोळ्यांत धूळ फेकणं, असं तो म्हणायचा.

दुपारी इंदूरचा एक व्यापारी आला. डबा हातात घेऊन म्हणाला, ‘वाह! ये पॉलिश किसने किया?’ मी ज्याचं कौतुक व्हावं म्हणून इतकी वर्षं बोलत आलो, तो दादा एक पाऊल पुढे आला. चेहऱ्यावर कधी नाही ते हसू. त्याने डबा घेतला, झाकणाच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, हे आपल्या हातचं नाही हे त्याला कळलं आणि त्याचं हसू गेलं. ‘पता नहीं, साब,’ दादा म्हणाला.

पुढचे अडीच दिवस तो स्टॉलवर उभा होता. एकाही कार्डावर त्याने काही लिहिलं नाही. शेवटच्या दिवशी टेबलक्लॉथची घडी घातली, आपलं खोकं न उघडता टेम्पोत ठेवलं आणि सोमवारपासून गाळ्यावर आला नाही. भांडण नाही, वाटणीची भाषा नाही. चार दिवसांनी वहिनींकडून कळलं की काशीगावच्या बाजूला कुणाच्या तरी गाळ्यात तो पॉलिशला लागलाय. ऑर्डरी मला भरपूर आल्या. सगळा माल वसईला पाठवून पॉलिश करून घेत बसलो आणि दादावर चिडत राहिलो. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ, असं घरी सगळ्यांना सांगायचो. ती एवढीशी गोष्ट नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो भाईंदर पश्चिमेला राहतो, मी पूर्वेला. मध्ये फक्त रेल्वेचे रूळ. गणपतीला, बारशाला, साखरपुड्याला आम्ही भेटतो, एकमेकांच्या ताटात आग्रहाने वाढतो. फक्त धंद्याचं बोलत नाही. मध्यंतरी मी वसईचं बंद केलं आणि स्वतः बफवर उभा राहायला शिकलो. वाईट करतो, पण करतो. हेही त्याला सांगितलेलं नाही.

दरवर्षी प्रदर्शनवाले स्टॉलवरच्या दोन माणसांची नावं मागतात आणि दरवर्षी मी दुसरं नाव दादाचं देतो. त्याच्या नावाचा पास येतो आणि माझ्या बॅगेत पडून राहतो. यंदा मुलगी म्हणाली, ‘बाबा, काकाला नेऊन द्या ना!’ मी म्हटलं, ‘सख्ख्या भावाला काय आमंत्रण द्यायचं? यायचं असेल तर येईल.’ वास्तविक आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत सख्ख्या भावाच्याच घरी जाऊन देतात, आणि नाही दिली तर तो मांडवात पाऊल ठेवत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी एवढंच केलं की वहिनींना फोनवर सहज बोलल्यासारखं सांगितलं, ‘शुक्रवारपासून प्रदर्शन आहे. यंदा दोन नंबरच्या हॉलमध्ये.’ म्हटलं, खडा टाकून बघू.

शुक्रवारी सकाळी मी आठलाच पोचलो. टेबलक्लॉथ एकट्याने सरळ बसत नाही. एक टोक ओढलं की दुसरं वर जातं. दर दोन मिनिटांनी मी दरवाजाकडे बघत होतो. अकरा वाजले, गिऱ्हाइकं आत आली. बारा वाजले, एक वाजला. मनात म्हटलं, सोड, हा काही येत नाही.

दोनच्या सुमाराला तो समोर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बघायला येणाऱ्यांना देतात तो पिवळा पास. टेबलाच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागी.

‘पॉलिश कोणाचं?’ त्याने विचारलं.

‘माझं.’

‘दिसतंय,’ तो म्हणाला, आणि किंचित हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही धंद्याचं बोललो होतो.

‘इकडे ये ना, बस.’

‘स्टॉलवर बसायचं नसतं.’

आजूबाजूला माणसं, माईकवर घोषणा चाललेल्या, आणि मी म्हणालो, ‘दादा, त्या वेळी माझं चुकलं.’

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या डाव्या बाजूला बघत म्हणाला, ‘गिऱ्हाईक उभंय. आधी तिकडे बघ.’

मी वळलो. राजकोटचे एक गृहस्थ होते. दहा मिनिटं बोलले, मोठी ऑर्डर देऊन गेले. मी परत वळलो तर दादा नव्हता. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. मला हे वाक्य म्हणायला सहा वर्षं लागली आणि याला दहा मिनिटं थांबता येत नाही!

संध्याकाळी स्टॉल झाकून मी वहिनींना फोन लावला. तक्रारच करायची होती. दादा आला आणि न सांगता गेला, म्हटलं.

‘आत्ताच पडलेत जरा,’ वहिनी म्हणाल्या. ‘दमलेत हो. सकाळी सहालाच निघाले होते.’

‘सहाला? लोकांना तर अकराला सोडतात.’

‘मी तेच सांगितलं, भावजी. तर म्हणतात, मांडायला दोन माणसं लागतात, तो एकटा काय करील. साडेसातला गेटवर पोचले. तिथे स्टॉलवाल्यांचा पास मागितला. मग पलीकडे, लोकांना सोडतात त्या गेटाबाहेर कट्ट्यावर बसून राहिले अकरापर्यंत.’

अकराला ते गेट उघडलं आणि तिथून माझ्या टेबलापर्यंत यायला त्याला आणखी तीन तास लागले.

‘मला फोन का नाही केला?’ मी विचारलं.

‘मीही विचारलं. म्हणाले, त्याला मी यायला हवा असतो, तर पास त्यानेच आणून दिला असता.’

‘वहिनी, त्याला सांगा, उद्या…’ एवढं बोललो आणि लक्षात आलं. हे आमंत्रणसुद्धा मी त्यांच्याच हाती पाठवत होतो.