ड्युटी साळवेची होती

माझं सध्याचं पोस्टिंग सुरतेजवळचं सचिन. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसचं मेन गेट, सकाळी सात ते संध्याकाळी सात. मी हवालदार याकोब साळवे, फौजेतून रिटायर्ड, मूळचा जालन्याकडचा ख्रिस्ती. आणि नाताळ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

डिसेंबर लागला की चर्चवाल्यांना फक्त साळवे दिसतो. खुर्च्या साळवे आणणार. मंडप साळवे बांधणार. बारा तास गेटवर उभा राहून सुटलो की कॅरलवाल्यांचा टेम्पो साळवेच हाकणार, आज पर्वत पाटिया, उद्या लिंबायत, परवा परत सचिन. गर्दीवर ओरडून घसा माझा बसतो आणि गातात दुसरेच. मी तर टेम्पोतून उतरतसुद्धा नाही. या वर्षी वीस तारखेपर्यंत पाय सुजून बुटात जाईनात.

चोवीस-पंचवीसची रजा टाकली होती. चोवीसला दुपारी मी चर्चच्या अंगणात खुर्च्या लावत होतो. आमचे पाळकसाहेब, वयाने माझ्या मुलासारखे, हसत हसत आले.

"साळवेकाका, उद्या पाच मिनिटं साक्ष द्या. सैन्यातल्या नाताळचा आनंद. लोकांना उभारी येईल."

"जमणार नाही."

"अहो, थकलात म्हणून काय झालं? आनंद करा!"

माझं डोकंच फिरलं. "आनंद काय रेशनवर मिळतो का, पाळकसाहेब? रांगेत उभं राहिलं की पिशवीत घातला? उचला तुमच्या खुर्च्या तुम्हीच!"

बिचारे खरंच खुर्च्या उचलायला लागले. मी सायकल काढली आणि लिंबायतला निघालो. चोवीसला दुपारी लिंबायतला जायचं, हे माझं ठरलेलं काम आहे. बायकोने केलेल्या करंज्यांचा डबा पिशवीत असतो. तो डबा कुणासाठी, हे सांगायचं तर अठरा वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. बारा जवान आणि एक सुभेदारसाहेब. पोस्टच्या पुढे दोनशे मीटरवर ओपी, म्हणजे टेहळणीची जागा. दिवसा तिथे एकच जवान असायचा, दोन-दोन तासांची ड्युटी. रोस्टर सुभेदारसाहेब लिहायचे.

पलटणीत एक रीत असते. ज्याचा सण, त्याला त्या दिवशी ड्युटी नाही. दुसरा कुणीतरी ती घेतो. हे तोंडी ठरतं, रोस्टरवर खाडाखोड कोणी करत नाही. त्या दिवाळीला मी लान्स नाईक हिरामण पाटीलची ड्युटी केली होती. हिरामण खानदेशी गडी. बाप त्याला लहान असतानाच वारला. माय लिंबायतला लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायची. आम्ही एकाच बंकरमध्ये झोपायचो आणि रोज भांडायचो.

पंचवीस डिसेंबरला सकाळी सहा ते आठ माझी ड्युटी होती. पावणेसहाला हिरामण बूट चढवायला लागला.

"राहू दे रे, मी जातो," मी म्हणालो.

"गप पड. सण तुझा आहे. सुभेदारसाहेब शिरा करणार आहेत. आणि ते तुझ्या आईचं नाताळचं गाणं म्हणतोस ना, ते नीट आठवून ठेव. आठला आलो की सगळ्यांना म्हणून दाखवायचं. नाही म्हटलंस तर बर्फात पुरीन."

तो गेला. मी काय केलं? स्लीपिंग बॅगमध्ये परत शिरलो आणि झोपलो.

सात वाजून दहा मिनिटांनी आवाज झाला. बाहेर आलो तर ओपीच्या वरची बर्फाची कड तुटून आली होती. ओपी दिसतच नव्हता, नुसतं पांढरं.

ऑपरेटर वायरलेस सेटवर ओरडत होता. "ओपी, ओपी, उत्तर दे, ओव्हर." उत्तर नाही. त्याने मागे कंपनीला कळवलं, "ओपी गाडला गेला. एक जवान खाली, ओव्हर."

"जवानाचं नाव, ओव्हर."

ऑपरेटरने रोस्टर बघितलं. "साळवे, याकोब. ओव्हर."

मी त्याच्या मागे फावडं घेऊन उभा होतो. त्याच्या हातातून सेट घेतला. "करेक्शन. साळवे जिवंत आहे. पाटील लिहा. लान्स नाईक पाटील, हिरामण. ओव्हर."

"कोण बोलतंय, ओव्हर."

"साळवे. ओव्हर."

सेट ऑपरेटरला परत दिला. मग आम्ही खणायला लागलो. नऊ पंचावन्नला हिरामण सापडला. श्वास नव्हता. शिरा चुलीवर तसाच राहिला, कुणी खाल्ला नाही.

सात वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि जालन्याला न जाता सुरतेला आलो. लोकांना सांगितलं, नोकरी मिळाली. खरं कारण लिंबायतमध्ये एका खोलीत राहत होतं. दर चोवीसला मी हिरामणच्या मायला करंज्या द्यायचो, चहा प्यायचो आणि उठायचो. पोस्टवरचा दोस्त, एवढंच तिला माहीत. ती ड्युटी कुणाची होती, हे सांगायची माझी छाती झाली नाही. तिने दार बंद केलं तर, या भीतीने सात वर्षं काढली.

या चोवीसला दारातच तिने माझ्या पायांकडे बघितलं. "काय रे, पाय असा कसा सुजनात? सन शे ना तुना? तोंड तर मयतले जास असं."

खुर्च्यांचा राग अजून अंगात होता. थकलोही होतो. तोंडातून निघूनच गेलं. "माय, त्या दिवशी ओपीवर मी असायला पाहिजे होतो. ड्युटी माझी होती. माझा सण म्हणून हिरामण गेला."

शेजारच्या कारखान्यात लूम खडखडत होते. माय उठली. करंज्यांचा डबा तिने भिरकावला, तो भिंतीवर आपटला.

"सात साल! सात साल माले करंज्या चारस, आनि हाई सांगस नही?"

मी मान खाली घालून उभा राहिलो. निघावं म्हणून वळलो, तशी ओरडली, "उभा ऱ्हाय! त्यानी तुले सन करासाठे सोडं. मंग तू करा का सन?"

"नाही, माय. झोपलो होतो."

"आनि मंग? इतला सालमा?"

"नाही."

"मंग मना पोऱ्या कसाले गया रे?"

अठरा वर्षं मी डिसेंबरभर मर मर राबलो, पंचवीसला डोकं रिकामं राहू नये म्हणून. त्याला मी प्रायश्चित्त समजत होतो. पण हिरामणने मला राबायला सोडलं नव्हतं. त्याने एक गाणं मागितलं होतं. तेवढंही मी केलं नाही. त्या खोलीत मी लहान पोरासारखा रडलो.

मायने फरशीवरच्या करंज्या पदरात वेचल्या. एक फुंकून तोंडात टाकली. मग म्हणाली, "सकाय मी येस तुना चर्चमा. त्याना नाव ले, आनि म्हन ते गानं."

पंचवीसला सकाळी मी पाळकसाहेबांची माफी मागितली आणि पाच मिनिटं मागून घेतली. माय तिसऱ्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर, हात मांडीवर. वर सांगितलं तेवढंच मी उभं राहून सांगितलं. मग आईचं गाणं सुरू केलं. आवाज फाटका, सूर नाही. दुसऱ्या कडव्याला मी थांबलो.

"थांबू नको," माय तिथूनच खेकसली. "म्हन!"

मी म्हटलं. अख्खं म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, शेवटच्या कडव्यात मला आनंद झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा, सुजलेल्या पायांवर उभं राहून.

लान्स नाईक हिरामण पाटील, राहणार लिंबायत. पंचवीस डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ड्युटी साळवेची होती.